पायाखालच्या ढाली

गुरुवार : वसई

वसईच्या किल्ल्यात लोक चिमाजी अप्पांसाठी येतात, लग्नाआधीच्या फोटोंसाठी येतात, दुपारच्या सावलीला येतात. आम्ही फरशी बघायला आलोय असं सांगितल्यावर रिक्षावाल्या दादांनी आरशातून नवऱ्याकडे मोठ्या सहानुभूतीने पाहिलं.

फरशी म्हणजे थडग्यांची. पोर्तुगीज काळात ऐपतदार माणसाला चर्चच्या आतच पुरत. मान आणि पैसा जितका जास्त, तितकी जागा वेदीच्या जवळ. वर माणसाच्या मापाची शिळा बसवायची, तिच्यावर नाव, तारीख आणि घराण्याची ढाल, म्हणजे ढालीच्या आकारातलं कुळाचं चिन्ह, कोरायची, आणि ती जमिनीशी अशी एकसपाट करायची की प्रार्थनेला आलेली मंडळी तिच्यावरूनच चालत जातील. शे-दीडशे वर्षं हे चाललं की चर्चची सगळी जमीनच थडग्यांची होऊन जाते.

वसईत अशा शिळा सगळ्यात जास्त भेटतात त्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये. बरोबर वसईचेच एक निवृत्त शिक्षक होते, ज्यांना सगळं गाव मास्तर म्हणतं. मास्तर कुपारी, म्हणजे वसईच्या ख्रिस्ती समाजातले; प्रार्थना मराठीतून करतात, भांडतात मात्र कादोडी या आपल्या बोलीतून. त्यांच्या पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक जुना रंगाचा ब्रश.

"छप्पर गेलं ते तुमच्या कामाला बरं झालं," ते म्हणाले. "ऊन तरी पडतं."

खरंच आहे ते. हे कोरीवकाम अगदी उथळ असतं. माथ्यावर ऊन आलं की नाहीसं होतं. सकाळी आठ-नऊला ऊन तिरपं असताना मात्र प्रत्येक रेघेला सावली फुटते. मास्तर आधी ब्रशने वाळलेली पानं आणि माती झटकत, मग शिळेवर अलगद पाणी सोडत. खाचांमध्ये पाणी साचलं की अक्षरं वर यायची. अक्षरं उठून दिसावीत म्हणून काही हौशी लोक त्यांत खडू घासतात. मास्तरांना त्याचा भयंकर राग. "दगडाला खाज सुटलीय का यांच्या?" असं ते मला नंतर बराच वेळ ऐकवत होते.

एका शिळेशी आम्ही उकिडवे बसलो. वरच्या अर्ध्या भागात ढाल. ढालीवर शिरस्त्राण, म्हणजे लोखंडी टोप, तोंड एका बाजूला वळवलेला. टोपावर तुरा. आणि टोपाच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरणारी, पानांसारखी दिसणारी वळणं. ती पानं नव्हेत. टोप उन्हाने तापू नये म्हणून त्यावर कापड टाकत, लढाईत ते फाटून त्याच्या चिंध्या होत. पुढच्या पिढ्यांच्या कारागिरांनी त्या चिंध्यांची वेलबुट्टी करून टाकली. वसईतल्या दगडावर तर ती वेलबुट्टी इतकी फुलली आहे की काही ठिकाणी ढाल शोधावी लागते.

ढाल वाचताना एक गोष्ट आधी पक्की करून घ्यावी लागते. ढालीचं उजवं-डावं हे ती धरणाऱ्याच्या अंगाने मोजतात, बघणाऱ्याच्या नाही. आपल्या डाव्या हाताला दिसतं ते ढालीचं उजवं, आणि मानाची बाजू ती. ढालीचे उभे दोन भाग केले असतील तर कोणाचं चिन्ह मानाच्या बाजूला आलं, हे त्या काळी बारकाईने पाहिलं जाई.

ढालीखाली लेख. लिपी रोमन, पण जागा वाचवण्यासाठी अक्षरं एकमेकांत घुसवलेली. एकाच्या पोटात दुसरं, तिसऱ्याच्या डोक्यावर चौथं. मोडी वाचणाऱ्याला फार परकं वाटायचं नाही. मजकूर बहुतेक एकाच साच्यातला असतो : ही कबर अमुक याची, तमुकचा मुलगा, राजाच्या घरचा सरदार, आणि त्याच्या वारसांची. मृत्यूची तारीख.

तो 'वारसांची' शब्द सोडून पुढे जाऊ नये. आपण ढालीला नक्षी म्हणून बघतो, आणि ती आहेही देखणी. पण ज्याने ती कोरून घेतली त्याच्या लेखी तो सातबारा होता. ही साडेतीन हात जागा आमच्या घराण्याची आहे. आज मी, उद्या मुलगा, परवा नातू. दुसऱ्या कोणी इथे खोदायचं नाही. नावं विसरतील, पोर्तुगीज न वाचता येणारे लोक येतील, म्हणून वर चिन्ह. घराण्यातल्या कोणीही नुसती ढाल बघून म्हणावं, ही आमची.

नवऱ्याने विचारलं, "मग वारस कुठे गेले?"

मास्तरांनी समुद्राकडे हात केला. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहाकडून वसई पोर्तुगीजांना मिळाली, तेव्हा गव्हर्नर होता नुनो द कुन्हा. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांपुढे किल्ला पडला. शरण आलेल्यांना जायची मुभा मिळाली, आणि दोनशे वर्षं इथे रुजलेली घराणी जहाजात बसून निघून गेली. चर्चच्या घंटा मराठ्यांनी काढून देवळांना वाहिल्या, ते सगळ्यांना ठाऊक आहे. फरशी कोण उचलून नेणार? ती राहिली.

जेझुइटांच्या चर्चचा दर्शनी भाग वसईच्या फोटोंमधला सगळ्यात प्रसिद्ध. त्यातल्या दोन शिळांचे लेख एकोणिसाव्या शतकातच वाचून छापले गेले आहेत, आणि दोन्ही विधवा बायकांच्या आहेत. एक इझाबेल द आगियार, मृत्यू २४ जानेवारी १५९१, 'या कॉलेजची थोर मदतकर्ती'. दुसरी दोना फिलिपा द फोंसेका, मृत्यू २० जुलै १६२८. तिने जिवंतपणीच आपलं सगळं काही या चर्चला देऊन टाकलं होतं. थडग्यांच्या या दुनियेत बाई बहुतेक कोणाची तरी मुलगी किंवा बायको म्हणून येते. या दोघी स्वतःच्या पैशाने वेदीपाशी पोचल्या.

याच वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीला क्रुसावर मारले गेले. त्यांना कुठली ढाल नाही. मास्तर त्यांच्याबद्दल बोलताना आवाज जरा वर नेतात, आणि सरदारांबद्दल बोलताना खाली आणतात.

निघताना बालेकिल्ल्याच्या दारापाशी थांबलो. तिथे पोर्तुगालचं राजचिन्ह आहे : क्रुसाच्या आकारात मांडलेल्या पाच छोट्या ढाली, प्रत्येकीवर पाच ठिपके, आणि भोवती किल्ल्यांची किनार. ही एक ढाल ओळखता आली की अर्धं काम झालं, कारण राजघराण्याशी जरा जरी नातं असलेली मंडळी आपल्या ढालीच्या एका कोपऱ्यात हे पाच-पाच ठिपके मोठ्या हौसेने घुसवतात.

रात्री वसई रोडला गोव्याची गाडी. मास्तरांनी वाटेसाठी केळी दिली, अर्थात वसईची.

शुक्रवार : ओल्ड गोवा

करमळीला उतरलं की ओल्ड गोवा अगदी जवळ. पहाटे तळ्यावर धुकं होतं, रिक्षा मात्र नव्हती. सामान एका खानावळीत ठेवून बॉम जेझूस चर्चला पोचेपर्यंत पर्यटकांच्या तीन बस आमच्या आधी येऊन उभ्या होत्या.

आमच्या कामाची एक गोष्ट बाहेरच दिसते. या इमारतीचा दगड तांबडा, सच्छिद्र जांभा. घर बांधायला उत्तम, पण बारीक कोरायला निकामी. टोकदार रेघ त्याच्यात टिकत नाही. म्हणून दर्शनी भागाचे खांब, चौकटी, अगदी वरची जेझुइटांची आद्याक्षरं, हे सगळं काळ्या दगडात आहे. आणि तो काळा दगड वसईकडून गलबतांनी आणलेला. काल ज्या दगडावर पाणी शिंपडत बसलो होतो, त्याचे सख्खे भाऊ इथे चारशे वर्षांपासून उभे आहेत. नवरा त्याला हात लावून म्हणाला, "सह्याद्री म्हण की सरळ." तेही बरोबर.

आत सगळी गर्दी संत फ्रान्सिस झेवियरकडे. त्यांच्या शवपेटीखालचा संगमरवरी चौथरा तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो मेदिची याने पाठवला, फ्लॉरेन्सच्या फोग्गिनीच्या हातचा, १६९८ मध्ये इथे बसवला. सुंदर आहे, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी उत्तरेच्या भिंतीकडे गेले. तिथे कोचीचा कप्तान दों जेरोनिमो माश्कारेन्यश याचं सोनेरी मुलाम्याचं स्मारक आहे. तो १५९३ ला कोचीत वारला आणि त्याने ठेवलेल्या पैशातून हे चर्च उभं राहिलं. ज्याच्या पैशाने छप्पर आलं त्याच्याकडे बघायला छपराखाली कोणी थांबत नव्हतं; सगळ्यांच्या माना दुसऱ्या बाजूला.

माश्कारेन्यश घराण्याची ढाल तांबडी, तिच्यावर तीन सोनेरी आडवे पट्टे. हे मुद्दाम सांगते, कारण सिल्व्हैरा नावाचं दुसरं एक मोठं घराणं आहे, त्यांची ढाल पांढरी, तिच्यावर तीन तांबडे आडवे पट्टे. रंगात दोन्ही एकमेकींजवळ ठेवल्या तर शेंबडं पोरही फरक सांगेल. काळ्या दगडात कोरल्या की दोन्ही सारख्याच : तीन आडवे पट्टे. सतराव्या शतकात युरोपात यावर तोडगा निघाला. ठिपके म्हणजे सोनं, उभ्या रेघा म्हणजे तांबडा, आडव्या रेघा म्हणजे निळा, असा संकेत छापील पुस्तकांतून रूढ झाला. पण आपल्याकडच्या बऱ्याच शिळा त्याच्या आधीच्या, आणि नंतरच्या कारागिरांनीही तो फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. त्यामुळे अर्ध्याहून अधिक वेळा नुसत्या ढालीवरून घराणं ठरवता येत नाही, खालचा लेख वाचावाच लागतो. मेनेझिस घराण्याचं तर विचारूच नका. त्यांची मूळ ढाल म्हणजे कोरं सोनं, वर काहीही नाही. ती दगडात कोरणाऱ्या पाथरवटाला मजुरी कशाची मिळाली असेल?

से कॅथेड्रल झपाट्याने उरकलं. प्रचंड आहे, १५६२ ला काम सुरू झालं, आणि ते संपायला पुढचं शतक उजाडलं. एक मनोरा १७७६ मध्ये पडला, म्हणून इमारत अजून एका खांद्याने वाकलेली दिसते. आर्चबिशपांच्या चिन्हात टोपाच्या जागी रुंद काठाची टोपी असते आणि दोन्हीकडे गोंड्यांच्या ओळी सोडलेल्या. पुढे रूढ झालेल्या नियमाने बिशपला दोन्हीकडे सहा-सहा गोंडे, आर्चबिशपला दहा-दहा, कार्डिनलला पंधरा-पंधरा. धर्मगुरूला लढाई नको म्हणून टोप काढून घेतला, पण दर्जा मोजायची सोय तेवढी ठेवली.

तिथून नदीच्या बाजूला व्हाइसरॉयची कमान. वास्को द गामाच्या पणतूने, फ्रान्सिस्को द गामाने, व्हाइसरॉय असताना १५९९ मध्ये बांधली. सध्याची १९५४ ची पुनर्बांधणी आहे. वर पणजोबांचा पुतळा, आणि एक हरीण. हे हरीण गामा घराण्याचं. पोर्तुगीजमध्ये 'गामो' म्हणजे हरणाची एक जात, म्हणून आडनावाला हरीण. असे प्रकार खूप आहेत. कोएल्यू म्हणजे ससा, त्यांच्या ढालीच्या किनारीवर ससे. कुन्हा म्हणजे पाचर, म्हणून वसई घेणाऱ्या नुनो द कुन्हाच्या घराण्याच्या ढालीवर नऊ निळ्या पाचरी. लोबो म्हणजे लांडगा, तिथे लांडगे. नवऱ्याला या सगळ्या विषयात पहिल्यांदाच रस वाटला तो इथे.

दुपारी माशाचं जेवण. त्यात विशेष लिहिण्यासारखं काही नाही, फक्त ते उत्तम होतं.

उन्हं कलल्यावर मोन्ते सांतोच्या टेकडीवर. आधी संत ऑगस्टीनचे भग्नावशेष. १६०२ साली बांधलेल्या या चर्चचा शेहेचाळीस मीटर उंचीचा मनोरा होता, त्याचा आता निम्माच भाग उभा आहे. पोर्तुगाल सरकारने १८३० च्या दशकात धार्मिक संघ बरखास्त केले, मठ ओस पडला, १८४२ ला छत कोसळलं, पुढे १९३१ ला दर्शनी भिंतही आली. पुरातत्त्व खात्याने ढिगारे उपसले तेव्हा त्याखालून फरशी निघाली, आणि फरशीत थडगी. जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अस्थींसाठी हे ठिकाण आता जगभर माहीत झालं आहे. त्या अस्थी २००४ च्या उत्खननात सापडल्या आणि त्यांचा एक भाग २०२१ ला भारताने जॉर्जियाला दिला.

इथल्या शिळा वसईसारख्याच उघड्यावर, पण गोव्याचा पाऊस वेगळा. ढालींच्या कडा गोल झाल्या आहेत. काही शिळांवर ढालीच्या खाली कवटी आणि दोन हाडं. काही जणांना ते भीतिदायक वाटतं; मला त्यातला रोखठोकपणा आवडतो. वर घराण्याचा तुरा, खाली घराण्याचा शेवट, एकाच दगडावर, आणि दोन्ही एकाच छिन्नीने.

रस्त्याच्या पलीकडे टेकडीच्या काठावर रोझरीची माउली. ओल्ड गोव्यातल्या अजून उभ्या असलेल्या सगळ्यात जुन्या चर्चपैकी हे एक. गोल बुरुजांमुळे लहानसा किल्लाच वाटतो. दार उघडं मिळणं नशिबावर. आज होतं. वेदीपुढे जमिनीत गव्हर्नर गार्सिया द सा याची शिळा. तो १५४९ ला इथेच, अधिकारावर असताना वारला. सा घराण्याची ढाल म्हणजे चांदी-निळ्या चौकटींचा पट. रंग काढला तर नुसता बुद्धिबळाचा. आणि बाजूला, उत्तरेच्या भिंतीत, त्याची बायको दोना कातारिना. तिचं स्मारक मात्र जमिनीत नाही, भिंतीत आहे, पांढऱ्या दगडात, आणि त्याची जाळीदार, नाजूक धाटणी सरळ गुजरातची. अहमदाबादच्या मशिदीत शोभावी अशी कारागिरी, मध्ये रोमन अक्षरांत पोर्तुगीज मजकूर : इथे गार्सिया द सा याची बायको निजली आहे, हे वाचणाऱ्याने तिच्या आत्म्यासाठी देवाकडे दया मागावी.

त्यांची मुलगी लिओनोर. नवऱ्याबरोबर पोर्तुगालला निघाली असताना १५५२ ला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर 'साव जुआंव' जहाज फुटलं. ती किनाऱ्यापर्यंत पोचली आणि तिथे, पायपिटीत, मुलांसकट मेली. आईबापांची शिळा-समाधी इथे, मुलीची कुठेच नाही.

शनिवार : संत फ्रान्सिस आणि वस्तुसंग्रहालय

आजचा दिवस राखून ठेवला होता, कारण मठाच्या इमारतीतलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. असीसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च मुळात १५१७ च्या लहान प्रार्थनागृहातून वाढलं. सध्याची इमारत १६६१ ची, पण जुन्या चर्चचं दार तसंच जपून नव्या भिंतीत बसवलं आहे. काळ्या दगडाचं ते दार पोर्तुगालच्या मानुएल राजाच्या काळातल्या शैलीचं. दोन्हीकडे कड्याकड्यांचे खगोल, ते मानुएलचं खासगी चिन्ह. या राजाला ढालींचं वेडच होतं. त्याच्या कारकिर्दीत कोणी कोणतं चिन्ह लावायचं याचे नियम बांधले गेले, आणि सिंत्राच्या राजवाड्यातल्या एका दालनाच्या छतावर बहात्तर सरदार घराण्यांची चिन्हं रंगवली गेली. गोव्यात येणारे लोक त्याच काळाचे. समुद्रापलीकडे आल्यावर ढालीची हौस कमी व्हायची सोडून वाढली असणार. लिस्बनला ज्याला कोणी विचारत नव्हतं तो इथे येऊन 'राजाच्या घरचा सरदार' म्हणून मरत होता.

आत पाऊल टाकलं की आधी खालीच बघितलं जातं. दारापासून वेदीपर्यंत फरशीभर शिळा, एकीला एक लागून. काही आडव्या बसवल्यासारख्या, काहींची अक्षरं अर्ध्यावर दुसऱ्या शिळेखाली गेलेली. सिंह मागच्या पायांवर उभा, पंजे पसरून, चौकटी, पट्टे, तारे, टोप, टोप आणि टोप. मध्यावरच्या वाटेतल्या शिळा झिजून गुळगुळीत, भिंतीलगतच्या अजून धारदार. ज्यांनी पैसे मोजून मधली, मानाची जागा घेतली त्यांची नावं आधी पुसली गेली.

झाडणाऱ्या मावशी आमच्याभोवतीने झाडू फिरवत होत्या. "खंयचे तुमी?" त्यांनी विचारलं. पुण्याचे म्हटल्यावर त्या मराठीत आल्या. "सगळे वर बघतात," त्या म्हणाल्या, "तुम्ही काल पडलेलं काही शोधताय काय?"

वर बघण्यासारखंही आहेच. वेदीवर क्रुसावरचा येशू एक हात सोडवून संत फ्रान्सिसला जवळ घेतोय. त्यांच्या पायाखालच्या चौथऱ्यावर फ्रान्सिस्कनांच्या तीन व्रतांची नावं कोरली आहेत : दारिद्र्य, नम्रता, आज्ञापालन. आणि या तीन शब्दांसमोर अख्खी फरशी भरून सिंह, किल्ले, तुरे. मी तिथे बराच वेळ उभी राहिले आणि मला हसू आवरेना. पण नुसती टर उडवणंही सोपं आहे. या सरदारांना फ्रान्सिस्कनांच्याच पायाशी का पुरून घ्यायचं होतं? कारण रोज प्रार्थना म्हणणारे साधू इथे होते, आणि गरिबांच्या संताची वशिलेबाजी वर चालते अशी श्रद्धा होती. पोर्तुगालमध्ये कित्येक श्रीमंत मरताना फ्रान्सिस्कनांची जाडीभरडी कफनी घालून पुरून घेत. वर कफनी, खाली ढाल. पायाखाली तुडवलं जायची नम्रता हवी, पण कोणाला तुडवतोय ते तुडवणाऱ्याला कळायला हवं!

आणि हेही खरं की यांतल्या सगळ्यांबद्दल हळवं व्हायचं कारण नाही. याच शहरात १५६० पासून इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारं, न्यायालय होतं, इथल्या देवळांचे दगड कुठे कुठे गेले ते आपल्याला माहीत आहे. फरशीवर ज्यांची नावं आहेत त्यांतले काही त्या यंत्रणेचे चाकर असतील, काही तिचे लाभार्थी.

लागूनच संग्रहालय. खालच्या दालनांत कदंब काळातल्या मूर्ती, आणि वीरगळ, सतीशिळा. मराठी माणसाला वीरगळ नवा नसतो. गावोगाव मारुतीच्या पारावर शेंदूर लावून ठेवलेला असतो. पण चर्चची फरशी बघून लगेच, पाच मिनिटांच्या आत, वीरगळापुढे उभं राहायची संधी दुसरीकडे मिळायची नाही. वीरगळ उभा, ही शिळा आडवी. वीरगळावर खालच्या चौकटीत झुंज, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेतात, सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. तो काय करून मेला ते पूर्ण कळतं. बहुतेकदा नाव मात्र नसतं. फरशीवरच्या शिळेत नाव आहे, बाप आहे, घराणं आहे, तारीख आहे, वारसांचा हक्क आहे. तो माणूस कशाने मेला, काय करत होता, याचा पत्ता नाही. गोव्याच्या नौदल-वीरगळांवर तर वल्ह्यांची जहाजं आहेत. समुद्रावरून आलेल्या या सरदारांच्या मी पाहिलेल्या शिळांवर एकही जहाज नव्हतं.

मला विचाराल तर वीरगळ मला जास्त बोलतो. नवऱ्याला उलट वाटतं. त्याचं म्हणणं, नाव नसलेल्या दगडापुढे उभं राहून करायचं काय?

वरच्या मजल्यावर गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची चित्रं. ही परंपरा दों जुआंव द काश्त्रूने १५४७ मध्ये सुरू केली आणि पुढे प्रत्येक अधिकाऱ्याची भर पडत गेली. चित्रकला म्हणून बरीचशी सामान्य. पुन्हा पुन्हा रंगवून चेहरे एकमेकांसारखे झाले आहेत. पण माझ्यासाठी हे दालन म्हणजे खजिना होतं, कारण कोपऱ्याकोपऱ्यात ढाली, आणि रंगात! माश्कारेन्यशचे सोनेरी पट्टे. आताईदेच्या निळ्यावर तिरक्या पांढऱ्या पट्ट्या. खाली काळ्या दगडात ज्या मुक्या होत्या, त्यांच्या बहिणी वर तोंड रंगवून बसलेल्या. ओल्ड गोव्यात येणाऱ्याने हे दालन आधी बघावं आणि मग फरशी. आम्ही उलट केलं, त्यामुळे पुन्हा खाली जाऊन दोन-तीन शिळा नव्याने पाहिल्या. मावशींनी आता आमचा नाद सोडला होता.

रविवार : रेइश मागुश

पणजीहून फेरीबोटीने बेतीला, तिथून रिक्षा. मांडवीच्या तोंडाशी, किल्ल्याच्या पायथ्याला, तीन राजांचं हे पांढरंशुभ्र चर्च आहे. मूळ १५५५ चं, नंतर पुन्हा बांधलेलं. रविवारची मिस्सा संपून लोक बाहेर पडत होते. नवे कपडे, कोंकणीतली चेष्टामस्करी, स्कूटरवर तिघं. वर, दर्शनी भिंतीच्या माथ्यावर पोर्तुगालचं राजचिन्ह. वसईच्या दारावर पाहिलेल्याच पाच ढाली, तेच ठिपके, फक्त इथे चुना लावून टवटवीत ठेवलेल्या.

पायऱ्यांच्या तळाशी दगडात सिंह कोरलेला आहे. तो मात्र पोर्तुगीज चेहऱ्याचा नाही. त्याची आयाळ, डोळे, सगळं इथल्या देवळांच्या सिंहांसारखं. गोव्याच्या कदंबांचं राजचिन्ह सिंहच होतं. हा सिंह त्यांच्याशी नातं सांगतो की फक्त इथल्या पाथरवटाच्या हाताशी, यावर आम्ही पायरीवर बसून वाद घातला. माझं मत पाथरवटाकडे. 'सिंह काढ' असा हुकूम आल्यावर माणूस त्याच्या आजोबांनी शिकवलेला सिंह काढतो.

आत आम्हाला हवी होती ती शिळा : दों लुईश द आताईद. दोनदा व्हाइसरॉय. पहिल्या खेपेला, १५७० मध्ये, विजापूरच्या अली आदिलशहाने प्रचंड फौज घेऊन गोव्याला वेढा घातला, तेव्हा मूठभर माणसांनिशी दहा महिने शहर राखणारा हाच. दुसऱ्या खेपेला आला आणि १५८१ ला इथेच वारला. गोव्यात येणारे नवे व्हाइसरॉय शहरात शिरण्याआधी रेइश मागुशला उतरत. जाणाऱ्यांपैकी काही इथेच राहिले.

एक पोरगा, वेदीवरच्या मेणबत्त्या विझवणारा, आम्ही काय बघतोय ते बघायला आला. त्याला विचारलं, हा कोण माहीत आहे का? "पुर्तुगेज," तो म्हणाला, आणि पुरेसं सांगून झाल्यासारखा निघून गेला.

परतीच्या फेरीबोटीवर नवऱ्याचं डोकं परवापासूनच्या ससे-हरणांवर अडकलेलं. मराठ्यांकडे कुळाचं चिन्ह नसतं का? असतं की, म्हटलं, देवक असतं. कोणाचं कळंब, कोणाचं पंचपल्लव, कोणाचं मोराचं पीस. फक्त ते लग्नात मांडवात पुजतात, मेल्यावर दगडावर कोरत नाहीत. हे त्याला पुरलं नाही. त्याने आडनावांवरूनच ढाली वाटायला घेतल्या. मोऱ्यांना मोर, ठीक. वाघांना वाघ, ठीक. घोडके, मुंगी, कोळी, सगळे पटापट बसले. वाघमाऱ्यांपाशी गाडी अडली, कारण वाघ जिवंत दाखवायचा की मेलेला, यावर शेजारच्या बाकावरच्या काकांनीही मत दिलं. त्यांच्या मते मेलेला वाघ ढालीवर लोळवला तर तो झोपलेला वाटेल, म्हणून वाघमाऱ्यांनी नुसता भाला घ्यावा. बोट पणजीच्या धक्क्याला लागली तेव्हा दोघं चौगुल्यांपर्यंत पोचले होते.